मुद्दूचे केस आणि वाटीभर पाणी

शालन, तुझा रबरी हातमोजा माझ्या हातात जात नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशामुळं झालं ते तुला कळेल. तू कायम म्हणायचीस, अक्का, मांजराचं केस काढायचं तुमच्यानं व्हायचं न्हाई, आणि मी म्हणायचे, त्यात काय एवढं मोठं शास्त्र आहे. माझी चारही बोटं संधिवातानं करंगळीच्या बाजूला वळलेली आणि हातमोज्याची बोटं सरळ. दातानं धरून ओढला, मांडीखाली दाबून हात घुसवला, आतून पावडर लावून बघितली. अंगठा तेवढा गेला आणि बाकीचा हातमोजा मनगटाला लोंबत राहिला. तुझं मांजर खाटेवर बसून माझ्याकडं बघत होतं.

लिहायला बोटं कुठायत, म्हणून हे मोबाईलवर बोलून ठेवतेय. माझ्या संदीपनं शिकवलंय, आपण बोलायचं आणि मोबाईल लिहीत जातो. मधेच काहीतरी भलतंच लिहितो, पण तुझ्यापेक्षा बरा, मधे बोलत तरी नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. तुझी हातांची खुर्ची मात्र जागच्या जागी आहे, दोन खाटांच्या पायथ्याशी. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून मी तिच्यात उशी ठेवली होती. तरी आपल्या चुलतसासऱ्यांची सून उशी काढून बसलीच.

सांगलीतल्या या घरात आपण दोघी जावा उरलो त्याला बरीच वर्षं झाली. आधी आमचे हे गेले, मग भावजी. तेव्हा लोक म्हणाले, आता या दोघींचं पटायचं नाही, वर्षभरात एक पोराकडं जाईल नि एक भावाकडं. पटलं नाहीच, पण गेलं कुणीच नाही. मी रहिमतपूरची, जेवायला बसल्यावर गप्प बसणारी. तू जतची, घास तोंडात असतानाच बोलणारी. माझे हात गेले आणि तुझे पाय. तुझ्या मांडीच्या हाडात रॉड घातला तेव्हापासून तू वॉकरशिवाय उभी राहू शकत नव्हतीस आणि मला भाताचं पातेलं उचलता येत नव्हतं. गल्लीत आपल्याला आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणायचे. तू म्हणायचीस, म्हणू द्या की, दोघीत मिळून एक धड बाई हाय न्हवं.

आणि तुझे पाय धड होते तेव्हाच तुला मांजर हवं झालं होतं. तुझ्या भावाच्या, बिराप्पाच्या वाड्यावर, मेंढरांच्या घोळक्यात जन्मलेलं पिल्लू तू बाजाराच्या पिशवीत घालून एस.टी.नं आणलंस, मला न विचारता. पिशवी उघडली तर आत पांढरं-करडं, मूठभर, आणि केस असे की पिशवीलाच चिकटून आलेले. मी म्हटलं, याला दारातच ठेव. तू त्याच्याशी कानडीत काहीतरी बोललीस आणि ते पिल्लू चालत चालत माझ्याच उशीवर जाऊन बसलं. मुद्दू नाव ठेवलंस. मला वाटलं मुद्दाम आणलं म्हणून मुद्दू, तर तू हसून लोटपोट. म्हणालीस, आवं अक्का, आमच्याकडं लाडक्याला मुद्दू म्हणत्यात.

मराठी तिला कधी कळली नाही. मी घसा कोरडा करून "उतर खाली" म्हणायचे आणि ती पाय ताणून आणखी पसरायची. तू नुसतं "बा" म्हटलंस की शेजारच्या गच्चीवरून यायची, "इळी" म्हटलंस की खाटेवरून उतरायची. बा म्हणजे ये आणि इळी म्हणजे उतर, एवढं कानडी मला तुझ्यामुळं आलं. पण मी ते कधी तोंडातून काढलं नाही. म्हटलं, माझ्या घरातल्या मांजरानं माझी भाषा शिकावी, मी का तिची शिकू?

मग मला दमा निघाला. डॉक्टरांनी मांजर आहे का विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आधी तूच म्हणालीस, हाय, पर लय गुणाचं हाय. ते म्हणाले, गुणाचं असलं तरी केस गुणाचे नसतात. घरी येताना रिक्षात तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, संपलं, आता हिचा भाऊ येऊन मांजर नेईल. खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तू खुर्चीत बसलेली, पदर खोचलेला, एका हातात भावजींचा कुपवाडच्या कारखान्यातला जुना काळा रबरी हातमोजा आणि शेजारी स्टुलावर वाटीभर पाणी.

"अक्का, तुमी चादर वढा. म्या केस काढते."

तुझी ती रीत मला आधी खुळेपणा वाटली होती. चादर धुऊन टाकावी की सरळ. आमच्याकडं काय, केस म्हणा, डाग म्हणा, पाण्यात बुडवलं की झालं. पण तू टँकरच्या पाण्यावर वाढलेली, घागरभर पाण्याला रांगेत उभी राहिलेली. रोज चादर धुवायची ही गोष्ट तुला शिवीसारखी वाटायची. वर म्हणालीस, केस वला झाला की धाग्यात जाऊन बसतुया, मग बाहेर निघायचं नाव घेत न्हाई. लोकरीचं बी तसंच. आधी कोरडं करायचं, पाणी मागनं. हातमोजा तेवढा ओला, कापड कोरडं.

मग ते रोजचंच झालं. तू "इळी" म्हणायचीस. मुद्दू खाटेवरून उतरायची आणि खिडकीखाली ठेवलेल्या तिच्या वेताच्या पाटीत जाऊन बसायची, आपलं अंथरूण होईपर्यंत. मी चादरीच्या काठाखाली कोपरापर्यंतचा हात घालायचे, कारण पंजानं धरता येत नव्हतं, आणि मागं मागं चालत चादर तुझ्या मांडीवर आणायचे. तू ओला हातमोजा झटकून एकाच दिशेनं फिरवायचीस, आपल्याकडं, परत न्यायचा नाही. केसांची वळकटी जमत यायची. ती तू चिमटीत उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकायचीस. मग म्हणायचीस, वढा अक्का. मी ओढायचे. थांबा अक्का. मी थांबायचे. अशी हातभर हातभर करत सगळी चादर तुझ्या मांडीवरून जायची. मग उशा, मग तुझी वाकळ. सगळं झालं की तू पाटीकडं बघून "बा" म्हणायचीस आणि ती महाराणी स्वच्छ चादरीवर येऊन पुन्हा पहिल्यापासून केस गाळायला लागायची.

मी चिडायचे. म्हणायचे, अगं निदान दुपारपर्यंत तरी खाली ठेव तिला. तू म्हणायचीस, तिला थंडी वाजतीया. मे महिन्यात थंडी? सांगलीत? यावरून आपण किती भांडलो. शेवटपर्यंत मिटलं नाही ते. मांजरानं माणसाच्या अंथरुणात झोपावं की नाही, यावर माझं म्हणणं आजही तेच आहे, झोपू नये. तू असतीस तर आजही वाद घातला असतास. आता माझ्याशी वाद घालायला कोणी नाही आणि मला माझंच म्हणणं पटेनासं झालंय.

आणखी एक वाद होता. आपल्यातली कोण आधी जाणार. मी म्हणायचे मी, थोरली मी आहे, मान माझा. तू म्हणायचीस, तुमी आधी गेलासा तर चादर कोण वढंल? मी म्हणायचे, तू गेलीस तर केस कोण काढेल? मग तू म्हणायचीस, मग दोघींनीबी जाऊ नये, एवढंच खरं. हे आपण चहा पिता पिता बोलायचो, बाजारातून काय आणायचं ते बोलावं तसं. मला तेव्हा कधी भीती वाटली नाही. तू समोर असायचीस ना.

बाथरूमच्या दारात तुझा वॉकर सटकला. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला, धावत आले, आणि मला तुला उचलता आलं नाही. शेजारचे येईपर्यंत मी तुझं डोकं माझ्या मांडीवर घेऊन बसले. तेव्हा तू शुद्धीत होतीस, मलाच धीर देत होतीस. मिरजेला दवाखान्यात नेलं, तेच हाड पुन्हा मोडलं होतं. दोन दिवसांनी ऑपरेशन करायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी तू माझा हात तुझ्या हातात घेतलास, माझी वाकडी बोटं एकेक करून सरळ करत बसलीस. ती होत नाहीत, तुला माहीत होतं.

"अक्का, मुद्दूला लांब धाडू नगासा. जतला तर न्हाईच. तितं वाड्यावर कुत्री लय हाईत, तिला न्हाई जमायचं आता."

मी म्हटलं, आधी तू घरी ये, मग तुम्ही दोघी काय घालायचा तो गोंधळ घाला. तू म्हणालीस, म्हंजे व्हय म्हना की. तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. मी व्हय म्हटलं नाही. रागानं नव्हे गं. मला वाटलं, हो म्हटलं तर तू निरोप घेतल्यासारखं होईल. पुढं रक्ताची गुठळी छातीत गेली म्हणे. तुझ्याशी बोलायला मला परत सोडलंच नाही.

मग दहाव्याचा दिवस. सुतक फिटायचं म्हणून भावकीतल्या बायका सकाळीच आल्या. चांगल्या मनानंच आल्या, त्यांना बोल लावत नाही. घर धुवायचं, कपडे धुवायचे, अंथरुणं-पांघरुणं सगळी पाण्यात काढायची. मागच्या अंगणात नळी सोडली. मी दारात उभी राहून सांगत होते, वाकळ आधी कोरडी झटका, तिच्यावर केस आहेत, हातमोज्यानं काढा, मग पाणी घाला. एकजण म्हणाली, अक्का, तुम्ही बसा, तुम्हाला त्रास नको. दुसरी म्हणाली, धुतल्यावर सगळं जातं. सांगलीच्या बायका त्या, आयुष्यभर पाण्याच्या काठाला राहिलेल्या. त्यांना कोण सांगणार की पाण्यानं काही गोष्टी जात नाहीत? तुला दवाखान्यात नेल्यापासून ते मांजर तुझ्या वाकळेवरनं हललं नव्हतं. इतक्या दिवसांचे केस होते त्यावर. सगळी वाकळ हौदात बुडवली, साबण लावून बडवली आणि भिंतीवर टाकली.

वाळल्यावर हात फिरवून बघितला. तू सांगितलंस तसंच झालं होतं. तुझं हिरवं लुगडं, माझं जांभळं लुगडं, भावजींचं धोतर, तू घातलेले ते बारीक धावते टाके, आणि प्रत्येक टाक्याच्या भोकात केस. थरांच्या मधेसुद्धा गेलेले. आता तू असतीस तरी ते निघाले नसते. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. बायकांना वाटलं तुझ्या आठवणीनं रडतेय, त्यांनी मला साखर-पाणी दिलं.

तेराव्यानंतर संदीपनं विषय काढला. तो साताऱ्याला भाड्याच्या घरात, तिथं मालक जनावर ठेवू देत नाही. माझा दमा त्याला माहीत आहे. मी त्याला सांगितलं, काकूनं शेवटी काय मागितलं ते. पोरगं ऐकून घेत होतं. मग म्हणालं, आई, काकू आता नाही. तू आहेस. तो म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत बघू. तुला रोजचं अंथरूण साफ ठेवता आलं, श्वास नीट राहिला, तर मांजर राहू दे. नाहीतर मी स्वतः बिराप्पा मामांकडं जतला सोडून येतो, रस्त्यावर सोडणार नाही. यात त्याचं काय चुकलं? मी त्याच्या जागी असते तर आठवडासुद्धा दिला नसता.

मग मी पदर खोचला. हातमोज्याचं सांगितलंच. मग ओला पंचा कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळला, शेजारणीकडून गाठ मारून घेतली, आणि हात चादरीवर घासला. केस जमतात, पण वळकटी होत नाही, इकडचे तिकडं होतात, कारण चादर ताणून धरायला दुसरं कुणी नाही. चादरीचं एक टोक खाटेच्या गजाला अडकवायचा प्रयत्न केला, तर चादर फाटली. संदीपनं आधीच एक चिकट कागदाचं रोलर मागवून दिलं होतं, फिरवलं की केस चिकटतात. चिकटले. मग वरचा कागद सोलून काढायचा असतो. तो सोलायला नखं लागतात आणि चिमूट लागते. माझ्याकडं दोन्ही नाही. मी दातानं सोलत बसले आणि तोंडात केस गेले.

भांड्याची मालन आहे, तिला म्हटलं. ती बिचारी घरातलं बाकी सगळं करते, पण मांजराच्या केसाला हात लावायचा म्हटलं की तिला शिसारी येते. दोनदा केलं, तिसऱ्यांदा चादर सरळ मशीनमध्ये टाकली. मशीनमधून निघाल्यावर माझ्या पांढऱ्या पातळालाही केस. मी तिला रागावले आणि मग मलाच वाईट वाटलं. मांजराला बाहेर ठेवून बघितलं, तर ती बाथरूमच्या दाराशी जाऊन बसली आणि ओरडत राहिली. तिथंच तू पडली होतीस ना. मला ते ऐकवेना. उठून दार उघडलं, आणि ती तुझ्या उशीवर गेली.

शालन, तुला कधी बोलले नाही ते आता बोलते. मला ती हवी होती. तुला वचन दिलं म्हणून नव्हे, वचन तर मी दिलंच नव्हतं. घरात आणखी कुणीतरी तुझी वाट बघतंय, एवढ्यासाठी हवी होती. संदीप चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण ते तुझ्याबद्दल 'होती' म्हणून बोलतात. मांजराला अजून 'होती' कळत नव्हतं.

शुक्रवारपासून माझा श्वास लागायला लागला. पंप घेतला, थोडं बरं वाटलं, परत लागला. शनिवारी सकाळी अंथरूण साफ करायला लागले आणि तिथंच खाली बसले, उठता येईना. मालन आली तेव्हा माझे ओठ निळे पडले होते म्हणे. तिनं संदीपला फोन केला. तो लगेच निघाला, दुपारी पोचला. तोवर डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. संदीपनं मला नीट टेकवून बसवलं. माझ्या खाटेवरची चादर हातानं झटकली, उन्हात केस उडाले, आणि तो ते उडणारे केस बघत उभा राहिला. मग फक्त म्हणाला, आई, उद्या जतला जाऊन येतो.

मी नको म्हटलं नाही. दम नव्हता आणि तोंडही नव्हतं. शेजारीण बघायला आली होती, म्हणाली, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मी तोंड भिंतीकडं केलं.

रविवारी सकाळी तिला धरायचं म्हणून संदीप गेला. तिनं त्याच्या मनगटावर ओरबाडलं आणि खाटेच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, तुझ्या उशीमागं जाऊन बसली. तो खाटेवर गुडघा टेकून हात घालत होता, ती फिसकारत होती. त्यानं टॉवेल टाकून बघितला, ती टॉवेलखालून निसटली आणि परत तिथंच. त्याच्या हाताला रक्त आलं. तो म्हणाला, आई, असं करत बसलो तर तिला लागेल. मीही ते बघत होते. म्हातारं मांजर ते, तिची छाती धपापत होती, माझ्यासारखीच.

मी त्याला म्हटलं, तू बाजूला हो. तिची वेताची पाटी खिडकीखाली रोजच्या जागी ठेव. पाटीवर टाकायला एक जाळी हाताशी ठेव, पण तिला दिसू देऊ नको.

मग मी तुझ्या खुर्चीत बसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. उशी काढून ठेवली, पदर खोचला, वाटीत पाणी घालून स्टुलावर ठेवायला सांगितलं, आणि तुझा हातमोजा मनगटाला लटकवून घेतला, अंगठ्यात अडकवून. तिनं उशीमागनं डोकं काढलं. हातमोज्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"इळी," मी म्हटलं.

माझ्या तोंडून तिनं तो शब्द कधी ऐकला नव्हता. कसा निघाला कोण जाणे, अगदी तुझ्यासारखा खालच्या पट्टीत निघाला. ती उठली. पाठ ताणली. खाटेवरून उतरली, माझ्या पायाला अंग घासून गेली आणि खिडकीखाली जाऊन पाटीत बसली. शेपूट पायाभोवती गुंडाळून घेतली आणि आमच्याकडं बघत राहिली, अंथरूण व्हायची वाट बघत. तिला वाटलं, रोजचंच आहे. आता केस काढतील, मग बा म्हणतील.

संदीपनं वरून जाळी टाकली आणि सुतळी बांधली. ती ओरडली नाही. गाडीत ठेवेपर्यंत ओरडली नाही. मी खुर्चीतच बसून होते, दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

संध्याकाळी संदीपचा फोन आला, पोचवली म्हणून. बिराप्पा चांगला आहे, त्यानं तिला शेडमध्ये ठेवलंय, कुत्री बांधून ठेवली आहेत, असं म्हणाला. खाल्लं का विचारलं तर म्हणाला, नाही अजून, पण खाईल. मी फोन ठेवला. तिला तिथं रोज कुणी वाकळ घालणार नाही, आणि कुत्री काही जन्मभर बांधून राहणार नाहीत. हे त्यालाही कळतं आणि मलाही.

आता अंथरूण स्वच्छ आहे, शालन. मालननं नवीन चादर घातली, पांढरी, इस्त्रीची. तिच्यावर काही नाही. सकाळी उठल्यावर सवयीनं चादरीच्या काठाखाली हात घालते आणि तुझ्या खुर्चीच्या दिशेनं ओढते, थोडी. मग सोडून देते. वाकळ संदीप टाकून दे म्हणाला. टाकली नाही. ती तुझ्या खुर्चीवर घडी करून ठेवलीय, तिच्याजवळ बसलं की खोकला येतो. तरी बसते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

तू असतीस तर मला सोडलं नसतंस. दोन दिवस बोलली नसतीस, मग तिसऱ्या दिवशी एवढं बोलली असतीस की गल्ली जमली असती. बोल ना गं. मी ऐकून घेईन, उलट उत्तर देणार नाही. दवाखान्यात व्हय म्हटलं नाही, आणि आता म्हणून काय उपयोग?

तुझ्या भाषेतले दोनच शब्द मला येत होते. त्यातला एक मी वापरला, आणि तिनं ऐकला. दुसरा राहिलाय. तो ऐकायला घरात आता कुणी नाही. तरी रोज सकाळी तुझ्या खुर्चीसमोर चादरीचं टोक धरून उभी राहते आणि म्हणते.

शालन, बा.